जड दोरी

सालवड
२ जुलै १९६७

चि. झुंबर,

तुझं कार्ड मिळालं. ‘मी ठीक आहे, काळजी नसावी.’ ठाण्यात शाई महाग झाली का रे? कार्डाला दोन बाजू असतात, आणि तू एक बाजूसुद्धा धड भरली नाहीस.

तू काही विचारलं नाहीस तरी सांगते. अण्णा तुझं नाव घेत नाहीत. कारखान्यातलं तुझं स्टूल त्यांनी उचलून माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी परत खाली आणलं, पाय तासून सारखे करून. मी विचारलं तर म्हणाले, ‘डुगडुगत होतं.’ आई असती तर तिनं एका वाक्यात तुम्हा दोघांना वठणीवर आणलं असतं. मला तेवढं जमत नाही, म्हणून पत्र लिहिते.

त्या दिवशी काय झालं ते मी एकदा लिहून काढते, कारण तू मनातल्या मनात त्याचं काय करून ठेवलंयस देव जाणे. सातपाटीचे चिंतू तांडेल आपल्या दारात आले. म्हणाले, जाळ्याच्या खालच्या काठाला शिशाचे गोळे बांधतो, ते दगडात अडकतात, जाळं फाटतं. तुमच्या यंत्रातून प्लास्टिकची जड दोरी काढून द्याल का, सगळीकडे सारखी जड, म्हणजे गोळ्यांची भानगडच नको. तू लगेच तुझा नकाशा उलगडलास, नव्या यंत्राचा. आणि अण्णा तांडेलांसमोर म्हणाले, ‘हा कागदावरची यंत्रं चालवतो. ह्याची होडीपण कागदाचीच.’ तांडेल हसले, आणि तू पिशवी भरलीस. अण्णांचं चुकलं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, गाडी सुटेपर्यंत सांगत होते. पण तू इतक्या लांब जाऊन बसशील असं मला वाटलं नव्हतं.

इकडे दोरीचं काम चालूच आहे. अण्णा जिद्दीला पेटलेत. शाळेत पोरं मला विचारतात, बाई, तुमचे वडील काय बनवतात? मी सांगते, चकलीचा सोऱ्या असतो ना, तसलंच लोखंडी. आत नळीत मळसूत्र फिरतं. मागून प्लास्टिकची पूड घालायची, ती तापते, मळली जाते, आणि पुढच्या भोकातून दोरी होऊन येते. पोरांना पटतं. दोरीलाच पटत नाही. जड होण्यासाठी त्यात ती बराइटची पांढरी पूड घालतात ना, ती प्लास्टिकपेक्षाही जास्त. सावकाश फिरवलं तर दोरीत पांढऱ्या गाठी राहतात आणि गाठीपाशी ती तुटते. जोरात फिरवलं तर गाठी जातात, पण पूड आत घासते, घासून तापते, आणि दोरी आधी पिवळी, मग तपकिरी. नाकाला असा वास झोंबतो की यंत्रावर नवसी तोंडाला फडकं बांधून काम करते.

आता मी आपली सहज विचारते, माझ्या माहितीसाठी. पुढच्या टोकाकडे मळसूत्राच्या आट्यांची खोली कमी केली तर गाठी मोडतील का? चौथीच्या पोरांना सांगायला बरं.

तांडेल म्हणालेत, पुढच्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की जाळी नव्यानं भरायची, तोवर थांबतो. नाही जमलं तर शिसंच. अण्णा म्हणतात, नाही जमलं तर यंत्र मोडीत आणि मी तारापूरला, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर म्हणून. साठीला टेकलेला माणूस, आणि आता कुणाच्या हाताखाली हजेरी लावणार.

मला तू घरी हवा आहेस. हे एक सरळ लिहिते. बाकीचं आडून आडून लिहीन.

तुझी ताई


सालवड
२० ऑगस्ट १९६७

चि. झुंबर,

ह्या वेळी कार्ड दोन्ही बाजूंनी भरून आलं, पण त्यात माणसाबद्दल एक अक्षर नाही. ‘आटे उथळ करू नयेत. पूड जास्त असल्यास घर्षणाने माल जळेल. पुढचा हीटर कमी ठेवावा.’ चौथीच्या पोरांना फार आवडलं.

तुझं कार्ड येईपर्यंत अण्णांनी आटे उथळ करून पाहिले होते. जळालं. मी कार्ड मोठ्यानं वाचलं, माझ्यासाठी, भाजी चिरता चिरता. अण्णा म्हणाले, ‘ठाण्याच्या विद्वानाला म्हणावं, हीटर कमी ठेवला तर दोरी खरखरीत येते.’ म्हणजे मला नाही म्हणाले. भिंतीला म्हणाले. मी भिंतीजवळ होते. दुसऱ्या दिवशी बघते तर पुढच्या हीटरची एक तार सोडवून ठेवलेली. मी विचारलं तर म्हणाले, ‘तार सैल होती.’ ह्या घरात हल्ली सगळंच सैल नाहीतर डुगडुगतं.

दोरी थोडी सुधारली आहे. म्हणजे आता ती निदान पिवळी येते.

बराइटची पोती मनोरला ट्रकवाल्यानं उतरवली आणि तिथून बैलगाडीनं आली, वाटेत भिजली. नवसीनं अंगणात चटईवर वाळत घातली. शेजारची बुधी येऊन विचारते, कसलं पीठ गं, भाकरी गोड होते का? नवसी म्हणाली, ‘खा नि बघ, मंग तुला चार जनींनी उचलाय लागंल.’ अण्णा हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसलेले मी पाहिले. तू असतास तर दोघं मिळून हसला असतात, आणि मग कशावरून तरी भांडला असतात. ते भांडणसुद्धा मला चालेल.

तू तुझ्या नकाशात यंत्राला दुसरं तोंड दाखवलं होतंस, मधोमध. ते कशासाठी होतं? हेही सहजच विचारते. अण्णांचा ह्या पत्राशी काही संबंध नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

ताई


सालवड
१६ ऑक्टोबर १९६७

चि. झुंबर,

हे पत्र आधी बसून वाच. अण्णा बरे आहेत. हाताला थोडं लागलंय, पण घरातच आहेत, हिंडतात फिरतात. यंत्र मात्र बरं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरी दोरी निघाली. सगळी नाही, पण मधला एक भाग असा आला की हातात घेतला तर खाली ओढतोय आणि वाकवला तर तुटत नाही. अण्णांना आनंद झाला. त्यांनी तो तुकडा देवाजवळ ठेवला. आणि मग त्यांनी आपल्या घरात जे चालत आलंय तेच केलं. तुला माहीत आहे, आजोबा ऐरणीची पूजा कधी रिकाम्या ऐरणीवर करत नसत. एखादं अर्धं काम तिच्यावर ठेवून मग हळदकुंकू. रिकामं हत्यार पुजलं तर वर्षभर रिकामं राहतं, असं ते म्हणायचे. अण्णांनी आधीच्या रबराच्या यंत्राचंही तसंच केलं होतं, इतकी वर्षं, आणि काही बिघडलं नव्हतं. म्हणून ह्याही वेळी त्यांनी वीज बंद केली, आणि माल आतच ठेवला. पोटभर. वर झेंडूची माळ घातली. आणि खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही, म्हणून कुणी लावला नाही.

लोखंड सावकाश निवतं. आत कोंडलेला माल तेवढ्या वेळात शिजत राहिला. दसऱ्याला सकाळी अण्णांनी मुहूर्त म्हणून हीटर लावला तर पुढच्या भोकातून आधी धूर आला, मग तो झोंबरा वायू. माळेची फुलं करपून गेली. नवसी मला ओढत बाहेर घेऊन आली. अण्णा आत होते, मळसूत्र हातानं फिरवायला बघत होते. ते हललं नाही. आतला माल दगडासारखा काळा होऊन मळसूत्राला आणि नळीला धरून बसलाय.

त्यानंतर ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, ‘माझ्या बापाच्या हातानं माझं यंत्र मेलं.’ मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

तुला हसू येत असेल किंवा राग, मला माहीत नाही. तू दोन्ही करू नकोस. ते फक्त घरचं वळण पाळत होते.

तांडेलांना मी निरोप पाठवलाय की काम थांबलंय. ते म्हणाले, आमी थांबू, पाऊस लांब हाय.

ताई


सालवड
३ डिसेंबर १९६७

चि. झुंबर,

तू आला नाहीस. मला वाटलं होतं, येशील. पत्र आलं, त्यात ‘नळी उघडता येत असती तर हे झालं नसतं’ असं लिहिलंस. खरं असेल. पण घरच्या माणसाला असं लिहितात का? ते वाक्य मी वाचून दाखवलं नाही.

मळसूत्र निघालं. यंत्र अंगणात ओढून आणलं, आपल्याकडे कामाला होता त्या मंगळ्यानं डोंगरातल्या पाच-सात जणांना बोलावलं, चेनपुली आंब्याला बांधली आणि बाहेरून गरम करत करत ओढलं. मंगळ्या आता तारापूरच्या बांधकामावर जातो, त्यामुळे त्याची भाषा बदलली आहे. ‘चलो, जोर लगाव,’ म्हणून ओरडत होता, आणि त्याच्या गावचे लोक एकमेकांकडे बघत होते. शेवटी नवसीनं तिच्या भाषेत दोन शिव्या घातल्या तेव्हा मळसूत्र सुटलं.

आता मुद्दा. मला वाटलं, अण्णा ते मोडीत टाकतील. त्यांनी ते ओट्यावर आडवं ठेवलं आणि साफ करू दिलं नाही. रोज जेवल्यावर त्याच्यापुढे बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मला हाक मारली. म्हणाले, ‘बघ. सगळीकडे काळं नाही.’ खरंच नव्हतं. आट्यांच्या पाठीमागे जिथं कोपरा होतो, तिथं जाड काळं. पुढच्या टोकाला, भोकाच्या अलीकडे, तिथं काळं. मधे बराच भाग नुसता तपकिरी, काही ठिकाणी स्वच्छ. अण्णा म्हणाले, ‘जिथं काळं, तिथं माल रोजच अडून बसत असणार. यंत्र चालू असताना पण. तिथूनच दोरी पिवळी होते.’

मग त्यांनी माझ्याकडे शाळेचा मोठा कागद मागितला आणि मळसूत्र काढलं. अण्णांनी. कागदावर. काळं जिथं होतं तिथं कोळशानं घासलं. तो कागद घडी करून ह्या पाकिटात घातलाय. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘हवा तर पाठव कुठं पाठवायचा तो.’ रेषा वाकड्या आल्यात, त्यांच्याकडे बघू नकोस. डाव्या हातानं काढल्यात. डाव्या का, ते विचारू नकोस. विचारशीलच, म्हणून सांगते. दसऱ्याला त्यांनी गरम नळी उजव्या हातानं धरली होती. आता जखम भरत आलीय, बोटं वाकतात, पालघरचे डॉक्टर म्हणतात अजून वाकतील. मी तेव्हा ‘थोडं लागलंय’ लिहिलं, कारण तू दयेपोटी आलेला त्यांना नको होतास. मलाही नको होतास.

कागद नीट बघ. त्यात तुला लिहिलेलं काही नाही, पण तो तुलाच आहे.

ताई


सालवड
१८ फेब्रुवारी १९६८

चि. झुंबर,

तुझं सोळा पानी पत्र मिळालं. पाकीट बघून पोस्टमन म्हणाला, बाई, लग्नाचं जमलं का कुणाचं? वर माझं नाव आणि आत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मळसूत्र. मी ते ओट्यावर ठेवलं आणि शाळेत गेले. परत आले तेव्हा पानं उलट्या क्रमानं लागली होती आणि शेवटच्या पानाला ग्रीस होतं.

तर दुसऱ्या तोंडाचं अखेर मला समजलं. आधी नुसतं प्लास्टिक आत घालायचं. ते वितळून मऊ झालं की मग मधल्या तोंडातून जड पूड टाकायची. म्हणजे पूड कोरडी घासत बसत नाही, मऊ मालात पडते, थोडं मळलं की झालं, आणि लगेच बाहेर. तापायला वेळच मिळत नाही. हे तू त्या दिवशी तांडेलांसमोर एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं असतंस तर अर्धं भांडण टळलं असतं. पण तू सुरुवात केलीस ‘तापमानाला संवेदनशील’ असल्या शब्दांनी. अण्णांना वाटलं, तू त्यांनाच म्हणतोयस.

त्यांनी नळीला मधोमध भोक पाडलं. यंत्र लावलं. आणि त्या नव्या तोंडातून माल वर फुगून बाहेर यायला लागला, आंबलेल्या पिठासारखा. पूड आत जायचं नावच नाही. नवसी म्हणाली, ‘शेट, ह्याला ओकारी झाली.’ अण्णांनी तुझ्या पत्राला असं काही ऐकवलं की मी ते लिहीत नाही. मग स्वतःच पत्र उचललं आणि अकरावं पान काढलं, जिथं तू लिहिलं होतंस की तोंडाखाली आटे खोल हवेत, म्हणजे तिथं माल नळीभर न राहता सैल पडेल आणि वर चढणार नाही. ते पान त्यांनी आधी गाळलं होतं. ‘मला वाटलं, तो इथं मोठेपणा करतोय,’ म्हणाले. हे भिंतीला नाही. मला म्हणाले.

नवं मळसूत्र लेथवर चढवलंय. त्यात त्यांनी स्वतःचीही एक गोष्ट घातली. आट्यांच्या मुळाशी काटकोन न ठेवता सगळीकडे गोलाई दिली, कढईच्या तळासारखी, म्हणजे कोपराच उरत नाही आणि माल बसायला जागा नाही. कोळशाचा कागद समोर लावून ते काम करतात. उजव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, म्हणून शाळा सुटल्यावर चाक मी फिरवते. तुला सांगणार नव्हते. माझ्या हातावर घट्टे आलेत आणि शाळेतल्या सोजराबाई विचारतात, घरी दळण घालता का?

यंत्र बंद करण्याआधी नुसतं प्लास्टिक सोडून नळी धुऊन घ्यायची, मग ती रिकामी करायची, हा नवा नियम. मी विचारलं, ‘मग अण्णा, दसऱ्याला?’ त्यांनी लेथ थांबवला. म्हणाले, ‘ऐरणीवर लोखंड राहिलं तर ते लोखंडच राहतं. हा माल तसा नाही. बापाला हा माल माहीत नव्हता.’ आणि कामाला लागले.

तुझ्या सोळा पानांत ‘अण्णांचा हात कसा आहे’ हे एकदा आलंय, नवव्या पानावर, समासात, बारीक. त्यांनी ते वाचलं. तिथंसुद्धा ग्रीसचं बोट आहे.

ताई


सालवड
२१ एप्रिल १९६८

झुंबर,

दोरी झाली.

पांढरी नाही, पिवळी नाही, राखेसारख्या रंगाची, सगळीकडे एकसारखी. मी तिची दोन्ही टोकं आणि मधला भाग तोडून पाहिला, तुटेना, शेवटी विळीवर कापली. अण्णांनी पाण्याच्या पिंपात सोडली, ती सरळ तळाला जाऊन निवांत पडली. यंत्र दिवसभर चाललं आणि नाकाला वास नाही. नवसीनं फडकं सोडून कमरेला खोचलं.

तांडेल आले. त्यांनी दोरी चावून पाहिली, गाठ मारून ओढली, मग एक वेटोळं घेऊन गेले आणि एका जाळ्याला खालून ओवून समुद्रात नेलं. काल परत आले, बायकोला घेऊन. लाडकीबाईंनी आमच्यासाठी वाळवलेले बोंबील आणले. तांडेल म्हणाले, ‘नरहरीशेट, पान्यात बसते बरी. कुटं उचलत नाय, कुटं अडकत नाय. आमच्या वाड्यातल्या समद्या होड्यांना द्या, पाऊस लागायच्या आदी.’ लाडकीबाई म्हणाल्या, शिशाचे गोळे बांधताना माझ्या बोटांचं वाटोळं झालं, आता ह्यांना एकट्याला शिवू दे जाळं. ते दोघं भांडायला लागले, आणि अण्णा खुशीत बघत राहिले.

मग तांडेलांनी विचारलं, ‘तो तुमचा कागदवाला पोर कुटं हाय?’

मी चहा ओतत होते. अण्णा म्हणाले, ‘ठाण्याला आहे. दोरी त्याची आहे, मी नुसतं लोखंड कापलं.’ आणि पुढे म्हणाले, ‘तांडेल, त्या दिवशी तुमच्यासमोर मी त्याला बोललो. म्हणून आज तुमच्यासमोरच सांगतो. हे यंत्र आधी कागदावर चाललं, मग इथं. मी बघितलं नाही, एवढंच.’ तांडेल ह्या वेळी हसले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, ‘मंग बोलवा की त्याला.’ अण्णा उठून यंत्राला तेल द्यायला गेले. यंत्राला सकाळीच तेल दिलं होतं.

मला नंतर दम दिला की हे त्याला लिहायचं नाही. म्हणून लिहिलं.

झुंबर, मला फार आनंद झालाय आणि तू इथं नाहीस म्हणून तो पुरता होत नाही. एवढ्या होड्यांची दोरी अण्णांच्या एका हातानं आणि माझ्या शाळेच्या सुट्टीत होणार नाही. पण त्यासाठी ये असं मी म्हणत नाही. तू ये, कारण तुझी दोरी निघताना तू पाहायला हवीस.

ताई


सालवड
१२ मे १९६८

झुंबर,

तुझं कार्ड चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण तुझं म्हणणं खोटं नाही, आणि राग त्याचाच आहे.

‘अण्णांनी तांडेलांना सांगितलं. मला सांगितलं नाही. त्यांनी एकदा मला सांगावं, मग बघू. इथं कारखान्यात मला कायम केलं आहे.’

अरे, हा माणूस आईलासुद्धा कधी ‘ये’ म्हणाला नाही. ती माहेरी गेली की तिच्या गावच्या बाजारात काहीतरी घ्यायचं निघायचं आणि हे जाऊन उभे राहायचे. ती समजायची. तू तिचाच मुलगा ना? की मला एकटीलाच तिचं सगळं मिळालं आणि तुला नुसतं त्यांचं नाक? नाकावरचा रागही त्यांचाच घेतलास.

पण मी तुझं कार्ड ह्या वेळी भाजी चिरताना वाचलं नाही. समोर बसून वाचलं, त्यांच्याकडे बघून, एकेक शब्द. त्यांनी ऐकलं. ताटातलं संपवलं. हात धुतला. भिंतीलासुद्धा काही सांगितलं नाही.

पश्चिमेला ढग दिसायला लागलेत. सातपाटीत होड्या वर ओढायची तयारी चालू आहे. आम्ही रोज थोडी थोडी दोरी काढतो. जेवढी होईल तेवढी होईल. तांडेल म्हणतात, उरलेल्यांना ह्या वर्षी शिसं. अण्णा मान हलवतात.

मी आता तुला बोलावणार नाही. मी पुष्कळ बोलावलं. माझ्या पत्रांचा ढीग केलास तर तुझ्या नकाशापेक्षा जाड होईल. ह्यापुढचं तुमचं तुम्ही बघा.

प्रेमला


सालवड
२७ मे १९६८

चि. झुंबर,

मी म्हटलं होतं, बोलावणार नाही. हे बोलावणं नाही. हे फक्त तुला सावध करायला आहे, आणि म्हणून पोस्टात टाकलेलं नाही.

काल संध्याकाळी अण्णांनी विचारलं, सकाळची गाडी किती वाजता जाते. मी विचारलं, कुठं? म्हणाले, ‘ठाण्याला. बेअरिंग आणायचंय.’ बेअरिंग आम्ही गेल्याच महिन्यात बदललं, आणि ते पालघरलासुद्धा मिळतं. त्यांनी स्वतः सदरा धुतला, वाळत घातला, आणि परत परत जाऊन वाळला का बघत होते. आज पहाटे उठून दाढी केली. उजव्या हातानं केली, म्हणून गालावर कापलंय. पिशवीत दोरीचं एक वेटोळं घातलंय. बेअरिंग आणायला जाताना दोरी कशाला, हे मी विचारलं नाही. ह्या घरात मी एवढी गप्प कधीच बसले नव्हते.

मग दारात चपला घालता घालता म्हणाले, ‘त्याला काही लिहायचं असेल तर दे. जातोच आहे तिकडे.’ म्हणून उभ्या उभ्या हे लिहितेय. पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती देणार आहे. ते उघडणार नाहीत. लिहायला-वाचायला मोठेपणी शिकलेत, पण दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत, ग्रीस लावून ठेवतात तेवढंच.

ते तुझ्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहतील. तुझ्या साहेबांना नमस्कार करतील. तुला बघून म्हणतील, ‘बेअरिंगला आलो होतो.’ त्यापुढे त्यांना शब्द सुचणार नाहीत. पत्र पुढे करतील, म्हणजे तू वाचत असशील तेवढा वेळ त्यांना काही बोलावं लागणार नाही. तू म्हटलंस ना, ‘त्यांनी एकदा मला सांगावं’? मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. ते एवढंच सांगू शकतात. इतक्या लांब येऊन, धुतलेला सदरा घालून, कापलेल्या गालानं तुझ्यासमोर उभं राहणं.

तेव्हा आता हे पत्र घडी कर आणि मान वर कर. ते अजून उभेच आहेत. त्यांना बसायला सांग.

ताई